करमच्या रात्री कॅमेरा : जशपूरच्या कॅथलिक उरांव गावातील सणाचे छायाचित्रण कसे करावे?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार. मी गेली नऊ वर्षे हौसेने छायाचित्रण करतो आहे. माझे कार्यालयातील एक सहकारी उरांव या आदिवासी समाजाचे आणि धर्माने कॅथलिक आहेत. त्यांचे गाव छत्तीसगडमधील जशपूर जिल्ह्यात, कुनकुरीपासून जवळ आहे आणि यंदा त्यांनी मला करमच्या सणाला घरी बोलावले आहे. हा सण भाद्रपद शुद्ध एकादशीला येतो, म्हणजे आपल्याकडे गौरी उठून गेलेल्या असतात आणि अनंत चतुर्दशीला तीन दिवस उरलेले असतात तेव्हा. त्यांच्या गावात सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते, तिच्यात मांदर (मृदंगासारखा ढोल) आणि नगारा वाजतो, आणि मुलींनी टोपल्यांमध्ये रुजवलेला जावा, म्हणजे धान्याचे पिवळसर कोंब, वेदीपाशी नेऊन ठेवला जातो. रात्री अखड्यात, म्हणजे गावाच्या नाचाच्या मैदानात, करमच्या झाडाची फांदी रोवून तिच्याभोवती पहाटेपर्यंत नाच चालतो आणि सकाळी ती फांदी पाण्यात सोडतात.

मला हे सारे टिपायची फार इच्छा आहे. पण मनात एक जुनी टोचणी आहे. काही वर्षांपूर्वी होळीला मी मेळघाटातील एका कोरकू गावात गेलो होतो. तिथे नाचणाऱ्या एका बाईंचे छायाचित्र चांगले आले, ते मी एका प्रदर्शनात लावले, तिथून कोणीतरी ते उचलले आणि पुढच्या वर्षीच्या एका दिनदर्शिकेवर ते छापून आले. नागपुरात शिकणाऱ्या त्यांच्या भाच्याने ती दिनदर्शिका पाहिली आणि मला शोधून काढून एवढेच विचारले, ‘मावशीला तुम्ही विचारले होते का?’ मी विचारले नव्हते. भाषा येत नाही, गर्दी आहे, सण आहे, असे म्हणून मी तो प्रश्न स्वतःपाशीच मिटवून टाकला होता.

म्हणून यावेळी निघण्यापूर्वी विचारतो आहे. मिस्सा सुरू असताना कॅमेरा चालवावा का? रात्रीच्या नाचासाठी प्रकाशाची सोय कशी करावी? आणि माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे या छायाचित्रांखाली काय लिहावे? ‘ख्रिस्ती आणि आदिवासी परंपरांचा संगम’ असे लिहिण्याची माझी इच्छा होती, परंतु माझ्या सहकाऱ्यांना ते वाचून दाखवले तेव्हा ते काही बोलले नाहीत, आणि त्यांचे ते न बोलणे मला अस्वस्थ करते आहे.

पहिले उत्तर (निवृत्त वृत्तछायाचित्रकार, महाल)

प्रकाशाबद्दल मी अधिकाराने सांगू शकतो, म्हणून तेवढेच सांगतो.

फ्लॅश घरी ठेवून जा. उरांव नाचात माणसे एकमेकांचे हात गुंफून रांग धरतात आणि सगळी रांग एका पावलावर चालते. अंधारात डोळ्यांवर फ्लॅश पडला तर एकाचे पाऊल चुकते आणि ते पुढच्या दहा जणांना जाणवते. पस्तीस मिलिमीटरची, 1.8 छिद्राची एक लेन्स पुरेशी आहे. आयएसओ 3200 ते 6400 ठेवण्यात संकोच करू नका, दाणे आले तर येऊ द्या. 1/125 ला चेहरे स्थिर येतील आणि हातापायांची हालचाल थोडी विरघळेल, ती तशीच चांगली दिसते. रांगेबरोबर कॅमेरा फिरवता येत असेल तर 1/15 लाही काही चित्रे काढून पाहा.

आता एक अडचण, जी तुम्हाला नेमकी चर्चमध्ये भेटेल. तिथे शांतता असते म्हणून तुम्ही कॅमेऱ्याचे आवाजविरहित इलेक्ट्रॉनिक शटर लावाल, आणि तिथे एलईडी दिवे असतील तर चित्रावर आडवे काळसर पट्टे उमटतील, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे आणि साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. अशा वेळी 1/50 किंवा 1/100 ठेवा, पट्टे बहुतांशी जातात. त्याहून वेग हवा असेल तर यांत्रिक शटर वापरा, मात्र केवळ गाणे आणि मांदर सुरू असतानाच.

स्त्रिया लाल काठाची पांढरी साडी नेसतात. चौकट साडीने भरली की कॅमेरा फसतो, सारे चित्र काळवंडते आणि सावळे चेहरे बुजून जातात. दोन-तृतीयांश ते एक स्टॉप एक्स्पोजर वाढवा, रॉमध्ये काढा आणि मोजमाप चेहऱ्यावर घ्या. काठाची लाली थोडी फिकी पडली तरी चालेल, चेहरा गेला तर चित्रच गेले. भाद्रपदातला पाऊस आहे, तेव्हा पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि थंडगार डब्यातून उतरल्यावर निदान अर्धा तास पिशवी उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरेल.

विचारण्याच्या प्रश्नावर माझ्या अनुभवातले एक सांगतो. तान्ह्या पोळ्याला नागपुरात मिरवणुकीने नेले जाणारे पुतळे, म्हणजे काळी आणि पिवळी मारबत, मी तीसएक वर्षे टिपले. पहिली काही वर्षे मी मिरवणुकीच्या पुढे उलटा धावत असे. पुढे मारबत घडवणाऱ्या घरांत आदल्या दिवसांत जाऊन बसू लागलो. चिखल, बांबू, कागद, रंग, सारे पाहिले, चहा घेतला आणि बराच वेळ कॅमेरा काढलाच नाही. त्यानंतरची माझी चित्रे निराळी आहेत, कारण ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी उठते तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी येते, हे मला आधीच माहीत असे. एकादशीच्या दोन दिवस आधी पोहोचा.

दुसरे उत्तर (मूळ गोराई, सध्या नागपुरात नोकरी)

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठी भाषक ख्रिस्ती समाजातली, कॅथलिक आहे. माझे माहेर मुंबईतल्या गोराईचे, मातृभाषा मराठी, आणि लहानपणापासून आमच्या सणांत कॅमेरे पाहत आले आहे, म्हणून चौकटीच्या आतल्या बाजूने थोडे लिहिते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो. शेतातली भाताची पहिली कणसे कापून वाजतगाजत चर्चमध्ये आणायची, फादरांनी त्यांना आशीर्वाद द्यायचा आणि मग ती कणसे घरोघरी न्यायची, असा तो सण. बायका लुगडी नेसतात, पुरुष घुमट वाजवतात. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणतो आणि दुसऱ्या दिवशी वेदीसमोर लग्न लागते. यातले ख्रिस्ती किती आणि कोळी-आगरी किती, असा हिशेब माझ्या आजीने कधी मांडला नाही. भात आमचे, विहीर आमची आणि देऊळही आमचेच (चर्चला आजी देऊळच म्हणत असे). बाहेरून आलेला माणूस जेव्हा ‘संगम’ म्हणतो तेव्हा त्याला आधी दोन वेगळे प्रवाह दिसलेले असतात. आम्ही मात्र एकाच पाण्यात वाढलेलो असतो. तुमचे सहकारी गप्प का राहिले असतील, याचा मला वाटणारा अंदाज हा आहे.

मला याहून जास्त दुखावणारी गोष्ट निवडीची असते. आगेऱ्याला येणारे छायाचित्रकार लुगडे, नथ, घुमट एवढेच टिपतात. जीन्स घातलेली माझी भाची कणसांची जुडी घेऊन उभी असेल तर तिला ‘जरा बाजूला हो’ म्हणतात. एकदा एका गृहस्थांनी माझ्या आईला चष्मा काढायला सांगितले. आईने काढला, कारण पाहुण्याला नाही म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही, आणि मग त्या दिवसभर ती नीट हसली नाही. जशपूरलाही मोबाइल असतील, प्लास्टिकच्या खुर्च्या असतील, टी-शर्टवर मांदर अडकवलेली मुले असतील. त्यांना चौकटीबाहेर काढू नका, ही विनंती.

मिस्सेबद्दल: आधी फादरांची परवानगी घ्या आणि उभे कुठे राहायचे तेही त्यांनाच विचारा. प्रवेशाची मिरवणूक, अर्पणाच्या वेळी नेले जाणारे धान्य आणि जावा, शेवटचे गीत, हे टिपायला सहसा कोणाची हरकत नसते. भाकर आणि द्राक्षारसावरची प्रार्थना सुरू झाली की कॅमेरा खाली ठेवा. कम्युनियन (आशीर्वादित भाकरीचा प्रसाद) घेणाऱ्याचा चेहरा टिपू नका; त्या क्षणी माणूस फार एकटा असतो. वेदी आणि लोक यांच्यामधून चालत जाऊ नका.

आणि चर्चमध्ये आरती किंवा समई दिसली तर ते काही विलक्षण सापडले असे समजू नका. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 या काळात झाली आणि तिच्यानंतर 1969 साली रोमने भारतासाठी बारा अनुकूलनांना मान्यता दिली. पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार करणे, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा लावणे, फुले-दिवा-धूप यांनी आरती करणे, हे सारे त्यांत आहे. त्यामुळे मिस्सेत तुम्हाला जे दिसेल त्यातले काही गावातून वर गेलेले असेल आणि काही वरून ठरवून खाली आलेले असेल. हा फरक ओळींत लिहिता आला तर तुमचे काम खरेच मोलाचे होईल.

तिसरे उत्तर (शिक्षिका, काही वर्षे जशपूर जिल्ह्यात वास्तव्य)

वरच्या ताईंनी लिहिलेले अगदी खरे आहे. पण जशपूरला त्याच्यावर आणखी एक थर आहे आणि तो समजल्याशिवाय चित्राखाली काही लिहिणे धोक्याचे ठरेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. उरांव स्वतःला कुडुख म्हणतात आणि त्यांची कुडुख भाषा आपल्या विदर्भातल्या गोंडीप्रमाणेच द्राविडी कुळातली आहे. बेल्जियमचे जेझुइट धर्मगुरू कॉन्स्टंट लिव्हन्स 1885 साली छोटानागपुरात, म्हणजे आजच्या झारखंडच्या पठारी भागात, आले. जमीनदार आणि सावकार यांच्याविरुद्धच्या खटल्यांत त्यांनी मुंडा-उरांव कुळांना कायद्याची मदत केली आणि त्या काळात हजारो कुटुंबे कॅथलिक झाली. म्हणजे या श्रद्धेच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न आहे. बाप्तिस्मा झाला तरी गोत्रे राहिली. टोप्पो म्हणजे सुतारपक्षी, मिंज म्हणजे एक मासा. आशियातील आदिवासी समाजातून झालेले पहिले कार्डिनल, रांचीचे तेलेस्फोर टोप्पो, हेही ते गोत्रनाम अखेरपर्यंत लावत होते. करमचे झाड म्हणजे विदर्भातल्या जंगलात ज्याला हळदू म्हणतात ते. जाण्यापूर्वी एकदा त्याची हृदयाच्या आकाराची पाने पाहून ठेवा, म्हणजे फांदी येताना ओळखू येईल.

आता तो थर. निसर्गपूजक सरना परंपरा पाळणाऱ्या उरांव बांधवांपैकी अनेकांचे म्हणणे असे आहे की करम आणि वसंतातला सरहुल हे सण त्यांच्या श्रद्धेचे आहेत आणि चर्चने ते आपल्यात ओढून घेऊ नयेत. 2013 साली रांचीजवळ लाल काठाच्या पांढऱ्या साडीतील, बाळाला झोळीत घेतलेल्या मरियेच्या पुतळ्यावरून सरना संघटनांनी मोठे आंदोलन केले होते, ते याच भावनेतून. दुसरीकडे कॅथलिक उरांव म्हणतात की आम्ही प्रार्थना बदलली, आजोबा बदलले नाहीत, तेव्हा करम आमचाही आहे. दोघांच्याही बोलण्यात कळकळ आहे आणि एकाच गावात, कधी एकाच घराण्यात, ही दोन्ही मते नांदतात. आपण बाहेरच्यांनी एका ओळीत निकाल लावावा असा हा विषय नाही.

याच्याही पुढे, धर्मांतर केलेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, अशी मागणी छत्तीसगड आणि झारखंडमध्ये काही संघटना जोरात करीत आहेत. आजच्या कायद्यात अनुसूचित जमातींसाठी धर्माची अट नाही. ती अट 1950 च्या आदेशात अनुसूचित जातींसाठी आहे, आणि या दोहोंची गल्लत पुष्कळ लोक करतात. परंतु अशा वातावरणात चर्चच्या दारातले, नाव-गाव लिहिलेले एक छायाचित्र कोणाच्या हाती कशाचा पुरावा म्हणून पडेल हे सांगता येत नाही. ‘हे तर आता ख्रिस्ती आहेत’ असे म्हणायलाही ते वापरले जाईल आणि ‘यांनी आमचा सण चोरला’ असे म्हणायलाही. म्हणून सामाजिक माध्यमांवर टाकताना गावाचे नाव लिहू नका, कॅमेऱ्यातील आणि मोबाइलमधील स्थळाची नोंद बंद ठेवा, लहान मुलींचे जवळून घेतलेले चेहरे तर मुळीच टाकू नका. जिल्ह्याचे नाव पुरेसे आहे.

परवानगी कोणाची घ्यायची, याचेही उत्तर एका माणसाच्या होकारात संपत नाही. तुमच्या सहकाऱ्यांचा होकार म्हणजे त्यांच्या घरापुरता होकार. अखडा साऱ्या गावाचा असतो, तेव्हा गावातल्या ज्येष्ठांसमोर बसून सांगावे लागेल. जावा रुजवणाऱ्या मुली उपवास करतात आणि आधीचे काही दिवस त्या टोपल्यांची फार निगा राखतात. त्या टोपल्यांना हात लावू नका आणि चांगल्या उजेडात हलवाव्यात असे सुचवूही नका. करमची कथा सांगितली जाते तेव्हा सगळे बसतात. तुम्हीही बसा. ती कथा दोन भावांची आहे, मी चार गावांत चार प्रकारे ऐकली आणि प्रत्येक वेळी ती ऐकताना माझ्या हातात वही नव्हती याचे आज समाधान वाटते.

चौथे उत्तर (मिहान परिसर, काही काळ मेक्सिकोत वास्तव्य)

जशपूरचा अनुभव मला नाही, मात्र अगदी दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण उपयोगी पडेल.

मेक्सिकोच्या चियापास राज्यात सान हुआन चामुला नावाचे गाव आहे, तिथले लोक त्सोत्सिल माया. त्यांच्या चर्चमध्ये बाके नाहीत. जमिनीवर पाइनची हिरवी पाने अंथरलेली असतात, त्यांच्यात जागा करून शेकडो मेणबत्त्या फरशीवरच लावलेल्या असतात, कोपाल धुपाचा धूर भरलेला असतो, भिंतीलगत संतांच्या मूर्ती उभ्या असतात, आणि आजारी माणसाला घेऊन बसलेल्या वैदू बाया मंत्र पुटपुटत शीतपेय आणि अंडी वापरून उपचार करीत असतात. मी आयुष्यात पाहिलेला हा सर्वांत सुंदर प्रकाश आहे आणि त्याचे एकही छायाचित्र माझ्यापाशी नाही, कारण आत छायाचित्रणाला सक्त मनाई आहे आणि गावाचे लोक ती मनाई स्वतः पाळून घेतात. मी पाऊण तास भिंतीला टेकून उभा राहिलो. त्या जागेबद्दल मी आजही तपशिलाने बोलू शकतो, तर ज्या ठिकाणी हजार-बाराशे चित्रे काढली तिथले मला फारसे आठवत नाही.

चामुलाचा संत म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, त्याचा सण 24 जूनला. त्याच दिवशी गोव्यात सांजांव असते, लोक डोक्यावर पाना-फुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात आणि छायाचित्रकारांना हौसेने हाका मारून बोलावतात. एकच संत, एकच तारीख, पण कॅमेऱ्याबाबत दोन गावांचे नियम अगदी उलट. एका ठिकाणी चालले म्हणून दुसरीकडे चालेल असे गृहीत धरता येत नाही.

पाचवे उत्तर (प्रतापनगर)

एक छोटी भर. छापील प्रती घेऊन जा. घरातल्या सर्वांचे एकत्र चित्र पहिल्याच दिवशी काढा आणि जमल्यास खिशात मावणारा छोटा प्रिंटर जवळ ठेवून तिथेच हातात द्या. मोबाइलवर पाठवलेले चित्र हरवते, छापलेले देव्हाऱ्याशेजारी किंवा क्रुसाशेजारी लागते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी मी माझ्या सहकाऱ्यांबरोबर बसलो आणि गोराईच्या ताईंचे व शिक्षिकाबाईंचे उत्तर त्यांना वाचून दाखवले. ‘आम्ही प्रार्थना बदलली, आजोबा बदलले नाहीत’ हे वाक्य ऐकून ते म्हणाले, माझे वडील हेच बोलतात. मग ‘संगम’ या शब्दावर गप्प का राहिलात, असे मी सरळ विचारले. त्यांचे उत्तर असे की त्यांच्या सख्ख्या काकांचे घर सरना परंपरेत आहे, रात्री दोन्ही घरे एकाच अखड्यात नाचतात, आणि चित्राखाली ‘ख्रिस्ती’ हा शब्द आला तर काकांना वाटेल की पुतण्याने पाहुणा आणून आपला करम चर्चच्या नावावर केला. मला हे कधीच सुचले नसते.

त्यामुळे आता असे ठरले आहे की मिस्सेची आणि अखड्याची चित्रे एका मालिकेत लावायची नाहीत. अखड्यातल्या चित्रांच्या ओळी काकांना विचारून, त्यांच्या शब्दांत आणि जमेल तिथे कुडुखमध्येच लिहायच्या, देवनागरीत. गावाचे नाव कुठेही येणार नाही. मी तीन दिवस आधी निघतो आहे, रायगढपर्यंत रेल्वेने आणि पुढे रस्त्याने. पहिला दिवस कॅमेरा पिशवीतच राहील.

एक विचारायचे राहिले. पहाटे फांदी पाण्यात सोडायला निघतात तेव्हा वाटेत मिरवणूक सहकाऱ्यांच्या काही कुटुंबीयांच्या कबरींजवळून जाते आणि तिथे सगळे क्षणभर थांबतात, असे ते सांगतात. त्या ठिकाणी चित्र काढावे की नाही हे त्यांनाही ठरवता येत नाही.

शिक्षिका, पुन्हा

तिथे काढू नका. पुढे व्हा, पाण्याच्या काठी आधी जाऊन थांबा आणि मिरवणूक समोरून येऊ द्या. पहाटे साडेपाचच्या सुमारास भाताच्या शेतांवर धुके असते आणि मांदर दिसण्याआधी ऐकू येतो. काकांच्या घरी मुक्काम करायला सांगितले तर नाही म्हणू नका.